हळदीचं गाणं माझं नाही

बीडच्या एका कॅसेटवाल्यानं मला विचारलं होतं, "बाई, हे गाणं रचलं कुणी?" आणि मी मान ताठ करून म्हणाले होते, "मीच की."

माझ्या हयातीतला हा सगळ्यात मोठा गाढवपणा. लहानसहान पुष्कळ झालेत. एकदा भाचीच्या लग्नाला म्हणून निघाले, चुकीच्या एसटीत बसले आणि भलत्याच गावच्या मांडवात आहेर करून, जेवून परत आले. पण त्यात कुणाचं काही बिघडलं नाही, आणि वांग्याची भाजी झकास होती. या "मीच की"नं मात्र गावातल्या बायकांची तोंडं बंद व्हायची वेळ आली.

गाणं हळदीचं. आमच्याकडं लग्नाच्या आधी हळद जात्यावर दळतात. आता हळद पाकिटातून येते, तरी पहिली मूठभर जात्यावरच. जात्याला हळदकुंकू लावायचं, लाकडी खुंट्याला आंब्याची पानं बांधायची आणि बायकांनी गोल धरून बसायचं. खुंट्यावर जिचा हात, तिनं कडवं म्हणायचं. चाल सगळ्यांची एक, कडवं ज्या त्या घरचं. मामा आला असेल तर मामाचं, रुसून बसला असेल तर त्याच्या रुसण्याचं. कुणी जुनं म्हणतं, कुणी जुन्याचं शेपूट बदलतं, कुणी तिथल्या तिथं नवं जुळवतं. कुठलं कुणाचं हे कुणी विचारत नाही, कारण दळताना तेवढा दमच उरत नाही.

मी चौसाळ्याजवळच्या या गावात सून म्हणून आले तेव्हा माझ्या नणंदेच्या हळदीला हे गाणं पहिल्यांदा ऐकलं, ते माझ्या थोरल्या जावेच्या तोंडून. तिला सगळे आक्का म्हणतात, मीही. आक्काचा आवाज जाडसर, घागरीतून आल्यासारखा. ती म्हणाली होती:

हळद दळिते, जात्या सावकाश फिर,
नवरीच्या मामाला याया होईल उशीर.

मामा खरंच यायचा होता, आणि त्याचीच वाट बघत सगळा मांडव ताटकळला होता. बायका हसल्या. मी तिथंच ते कडवं गिळलं. दुसरं एक मिळालं चाचीकडून. चाची म्हणजे बीडहून चुडा भरायला येणारी बांगडीवाली. लग्नाच्या घरी ती टोपलं घेऊन जात्याशेजारीच बसायची, आणि एकदा बायकांनी तिचाच हात ओढून खुंट्यावर ठेवला, तर ती म्हणाली:

हिरवा चुडा भरिते, बाई मूठ कर ढिली,
माहेराची बोटं हिनं घट्ट का धरिली.

नवरी रडली, नवरीची आई रडली, आणि चाचीनं तेवढ्यात तिच्या हातात बांगड्या सरकवल्यासुद्धा. असं मी इथून तिथून वेचत गेले. आणि मग मला वाटलं, आपलंही एक असावं. पुष्कळ दिवस जुळवाजुळव करून मी माझं स्वतःचं कडवं तयार केलं:

नवरीची मी चुलती, माझा आवाज सोन्याचा,
मांडवाच्या दारी थबकला घोडा नवऱ्याचा.

वाचणाऱ्यानं नीट बघावं. लग्न नवरीचं, घोडा नवऱ्याचा, आणि कौतुक कुणाचं तर माझ्या आवाजाचं. हे मी पहिल्यांदा म्हटलं तेव्हा बायकांनी एकमेकींकडं पाहिलं. मला वाटलं, भारावल्या.

बीडला नात्यातल्या एका लग्नात मी सोन्याच्या आवाजात गात असताना त्या कॅसेटवाल्यानं ऐकलं. बसस्टँडजवळ त्याचं दुकान होतं, आणि मागच्या खोलीत भिंतींना गोणपाटं ठोकून केलेली रेकॉर्डिंगची जागा. तो म्हणाला, बायकांचा ताफा घेऊन या. मी म्हटलं, ताफा कशाला, मी आहे ना. त्यानं जातंही मागितलं होतं. ते रिक्षात बसेना म्हणून राहिलं. तेव्हा जात्याशिवाय, बायकांशिवाय, पंख्याशिवाय मी एकटीनं सगळी कडवी गायले आणि मधूनमधून घाम पुसला. शेवटी त्यानं तो प्रश्न विचारला, मी ते उत्तर दिलं, त्यानं सही घेतली आणि एक पोपटी साडी दिली. ती साडी नेसून मी फोटो काढायला गेले. स्टुडिओत मागं धबधब्याचा पडदा होता. पुढं कित्येक वर्षं मी तो फोटो कपिलधारच्या धबधब्याखाली काढल्याचं सांगत असे, आणि माझ्या केसाला एक थेंबही कसा लागला नाही हे कुणी विचारलं नाही, हे माझं नशीब.

कॅसेटवर छापलं होतं, गीत आणि गायन, आणि खाली माझं नाव. टेम्पोत वाजली, चहाच्या टपरीवर वाजली, लग्नात भोंग्यावर वाजली. लोक मला हळदवाल्या बाई म्हणायला लागले. मी बाजारात मुद्दाम हळू चालायचे, म्हणजे ओळखायला सगळ्यांना वेळ मिळावा. एक कॅसेट मी आक्काला नेऊन दिली. तिनं उलटीपालटी करून पाहिली, छान हाय म्हणाली आणि देवळीत ठेवली.

आता आजची गोष्ट. माझी नात बीडला शिकते आणि सुट्टीत घरी आली की फोन घेऊन म्हाताऱ्या बायकांच्या मागं फिरते. जात्यावरची, पाळण्याची, शेतातली, जी मिळतील ती गाणी त्यांच्याकडून म्हणवून घेते आणि मोबाईलवरच्या आपल्या चॅनलवर टाकते. त्यातल्या काही जणी आता नाहीत. एकीच्या लेकानं आईचं वर्षश्राद्ध झाल्यावर नातीला फोन करून सांगितलं होतं की रोज रात्री तो तेच ऐकून झोपतो. त्या चॅनलवर तिनं गावातल्या एका हळदीचा व्हिडिओ टाकला, आणि काही दिवसांनी त्यातला आवाज गेला. जातं फिरतंय, बायकांची तोंडं हलतायत, माना डोलतायत, आणि आवाज शून्य. खाली सूचना आली होती की हे गाणं एका कंपनीच्या मालकीचं आहे. अशाच आणखी दोन व्हिडिओंवर दावे आले, आणि हे असंच चाललं तर सगळं चॅनलच बंद होईल असंही त्यात होतं. म्हणजे त्या गेलेल्या बायकांसकट सगळं.

नातीनं कंपनीला लिहिलं की हे परंपरेचं गाणं आहे, आमच्या भागातल्या सगळ्या बायका म्हणतात. कंपनीचं उत्तर आलं ते तिनं मला ओसरीवर बसून वाचून दाखवलं. गाण्याची रचना करणारी बाई हयात आहे, तिनं स्वतः आपले सगळे हक्क कॅसेटवाल्याला दिले होते, कॅसेटवाल्याचा सगळा माल पुढं आम्ही घेतला आहे, तेव्हा परंपरेचा प्रश्न येत नाही. मग तिनं फोन खाली ठेवला आणि माझ्याकडं टक लावून पाहिलं.

"आज्जे, ही बाई तू हायस."

मी म्हटलं, दिसतंय तरी तसंच. तिनं विचारलं, खरंच तू रचलंस का? इथं तरी मी खरं बोलावं की नाही? पण इतक्या वर्षांची हळदवाली बाई माझ्या अंगातून इतक्या लवकर निघते होय. मी म्हटलं, हो मग.

पोरगी चिडली नाही. शांतपणे म्हणाली, "मग कंपनीचं बरोबर हाय. तू रचलं असशील तर ते तिचं. तू रचलं नसशील तरच ते आपल्या सगळ्यांचं."

असला विचित्र हिशेब मी कधी ऐकला नव्हता. माझं म्हटलं की दुसऱ्याचं होतं, आणि माझं नाही म्हटलं की माझंही होतं. मी उठून शेळीला पाला टाकायला गेले, आणि बराच वेळ टाकत राहिले. शेळी पोट भरून बसली तरी मी टाकत होते.

तरीही मी लगेच सुधारले असं नाही. मला भीती वाटली ती कोर्टाची नव्हे, बाजाराची. बाजारात मी हळू चालणार आणि लोक म्हणणार, ही बघा चोर. माझं वय झालंय, मरेपर्यंत हळदवाली राहिले तर कुणाचं काय जातंय, असं मी मनाशी म्हणत होते. हे म्हणणं मोडलं ते गल्लीतल्या एका हळदीला. जातं मांडलं, पानं बांधली, बायका बसल्या. पहिलीनं खुंट्याला हात घातला आणि तोंड उघडलं, तेवढ्यात नवरीची आई पुढं झाली. सगळे आता शूटिंग करतात, व्हिडिओ कुठंतरी जातो, कंपनीचा दावा आला तर आमच्या पोरीच्या सासरी तमाशा नको, असं ती म्हणाली. नुसतं दळा. आणि बायकांनी खरंच नुसतं दळलं. दगडावर दगड घासल्याचा तेवढा आवाज. मग कुणीतरी मोठ्या स्पीकरच्या डब्यावर गाणं लावलं, आणि त्यातून माझाच तरुणपणीचा आवाज आला, माझा आवाज सोन्याचा म्हणणारा.

तो आवाज ऐकून मला पहिल्यांदा कळलं की ती बाई किती गचाळ गात होती. सगळी कडवी एकाच दमात, मध्ये थांबणं नाही, कुणाला जागा नाही. मी उठले आणि डबा बंद केला. दुसऱ्या दिवशी नातीला म्हटलं, चल, वकील गाठू.

बीडच्या कोर्टाजवळ एक वकीलबाई बसतात, माझ्या नातसुनेच्या वयाच्या. त्यांनी सगळं ऐकून घेतलं. मी म्हटलं, कायदा भिकार आहे. त्या म्हणाल्या, तसं नाही आजी. एखाद्या पोरानं स्वतः गाणं लिहिलं, चाल लावली आणि दुसऱ्यानं ते उचलून पैसे केले, तर त्या पोराला याच कायद्याचा आधार असतो. कायदा एवढंच विचारतो की हे कुणाचं. जे कुणा एकाचं नाही, ते एकाच्या नावावर लागलं की मग घोळ होतो. आणि ते नावावर कुणी लावलं, हे त्यांनी विचारलं नाही. पुढं त्यांनी दोन गोष्टी सांगितल्या. लग्नात गाणी म्हणायला कायद्यानंच मोकळीक दिलेली आहे, तिथं कुणाचा बाप अडवू शकत नाही. बाप हा शब्द माझा, त्यांनी सभ्य शब्द वापरला होता. आणि कॅसेटवरचा माझा आवाज कंपनीचाच राहील, ते रेकॉर्डिंग त्यांनी घेतलेलं आहे. पण गाणं जर मुळात माझं नव्हतं, तर जे माझं नव्हतं ते मी विकू शकत नव्हते.

"पण आजी, तुम्ही आता नाही म्हणताय आणि तेव्हा हो म्हणाला होतात. तुमच्या एकटीच्या शब्दावर ते कशाला विश्वास ठेवतील? हेच गाणं आणखी कोण कोण म्हणतं, ते दाखवावं लागेल."

झालं. ज्या बाईनं एवढी वर्षं हे माझं म्हणून मिरवलं, ती आता हे माझं नाही याचे पुरावे गोळा करायला निघाली. तरुणपणी मला कुणी सांगितलं असतं तर मी त्याला वेड्यात काढलं असतं. गुडघे दुखत होते, तरी एकही सुट्टी मी सोडली नाही. नातीच्या स्कूटीवर मागं बसून गावं पालथी घातली. चौसाळ्याच्या एका किराणा दुकानदाराच्या आईनं दुकानातच म्हटलं, गिऱ्हाइकं खोळंबली तरी थांबली नाही. माझ्या माहेरी एकीनं मामाच्या जागी आजोबा घालून म्हटलं, कारण त्यांच्यात आजोबाच उशीर करतात. मेंढपाळांच्या वस्तीवर एक बाई लोकर पिंजत बसली होती. हळदीचं गाणं म्हटल्यावर लोकर न सोडताच म्हणाली:

हळद दळिते, जात्या सावकाश फिर,
नवरीच्या मामाला मेंढरांचा गं घेर.

मी तिला विचारलं, हे कुणी रचलं. तिनं माझ्याकडं असं पाहिलं, जसं मी विचारलं असावं की हे ऊन कुणी रचलं. म्हणाली, "कावून? काई चुकलं का?"

चाची आता बीडला लेकाजवळ असते. लेक गाड्या दुरुस्त करतो, घर गॅरेजच्या मागंच आहे. तिला दिसत कमी, पण माझा आवाज ओळखला आणि आधी माझा हात चाचपून बांगड्या मोजल्या, कमी आहेत म्हणून रागावली. मी तिला सांगितलं की तुझं कडवं मी माझं म्हणून विकलं, माफ कर. ती हसायलाच लागली. "माझं कुटं बाई ते? माझी खाला म्हनायची. खालानं कुटून आनलं, अल्ला जाने." खाला म्हणजे तिची मावशी. नातीनं तेही रेकॉर्ड केलं, मागं हातोड्याचे ठोके होते, राहू दिले.

वकीलबाईंना सगळं नेऊन दाखवलं. त्यांनी एकेक कडवं ऐकलं, कुठं कुठं मिळालं ते पाहिलं. मग म्हणाल्या, एक कडवं मात्र कुठंच सापडलं नाही. आवाज सोन्याचा, ते. नातीनं तोंड फिरवलं, हसू दाबण्यासाठी. इतक्या गावांत, इतक्या बायकांत, एकीलाही ते उचलावंसं वाटलं नव्हतं. वकीलबाई गंभीरपणे म्हणाल्या, म्हणजे तेवढं खरोखर तुमचं दिसतं. तेवढ्यावर कंपनीचा हक्क मानावा लागेल. मी म्हटलं, मानू की, घोड्यासकट घेऊन जा म्हणावं.

शेवटचं काम राहिलं होतं. मी फोनसमोर बसून स्वतःच्या तोंडानं सांगायचं की गाणं माझं नाही, ते कुणाकुणाकडून मी शिकले. हा व्हिडिओ कंपनीकडं जायचा आणि चॅनलवरही लागायचा. नात म्हणाली, चॅनलवर नसला तरी चालेल. मी म्हटलं, कॅसेट टपरीवर वाजली, मग हे का कोपऱ्यात वाजावं? बसले. चाचीचं आणि तिच्या खालाचं सांगितलं, माहेरच्या बायकांचं सांगितलं, आणि मग अडले. कारण पहिलं कडवं मी ज्या तोंडातून उचललं, त्या तोंडाकडं मी गेलेच नव्हते. सगळा जिल्हा हिंडले, आणि माझ्या आणि आक्काच्या घरांमधली एक भिंत ओलांडली नव्हती. चाची परकी, तिची माफी मागणं सोपं होतं. आक्कानं मला या घरात चूल दाखवली, माझ्या पहिल्या बाळंतपणात माझं अंग चोळलं.

तरी मी सांगितलं. फोनकडं बघून म्हणाले की हे गाणं मी माझ्या थोरल्या जावेकडून घेतलं आणि तिला न विचारता माझ्या नावावर लावलं. नातीनं विचारलं, परत एकदा घ्यायचं का, तुझा आवाज कापला. मी म्हटलं, कापू दे, सोन्याचा असता तर कापला नसता.

कंपनीनं बरीच खळखळ केली. वकीलबाईंनी दोनदा लिहिलं, नातीनं सगळी रेकॉर्डिंगं पाठवली, मी एकदा फोनवर त्यांच्या माणसाशी बोलले आणि तो फार नम्र होता, त्यामुळं भांडण जमलं नाही. अखेर दावे मागं घेतले गेले. कॅसेटचं रेकॉर्डिंग आणि माझं सोन्याचं कडवं त्यांचं, बाकी गाणं कुणाचंच नाही, असं ठरलं. ज्या दिवशी व्हिडिओतला आवाज परत आला त्या दिवशी नात पायऱ्यांवरून ओरडत आली, आणि आम्ही दोघींनी ते हलणाऱ्या तोंडांचं गाणं पहिल्यापासून शेवटपर्यंत ऐकलं.

बाजारात चोर कुणी म्हणालं नाही. एक भाजीवाली म्हणाली, मावशे, हे आमच्या आईलाबी यायचं, तू तुझं म्हनायचीस म्हनून मी गप बसायचे. मी तिच्याकडनं कोथिंबीर घेतली आणि घरी येईपर्यंत त्या गप बसायचे या शब्दांचा विचार करत राहिले. त्याच संध्याकाळी मी भिंत ओलांडली.

आक्का अंगणात तूर निवडत होती. तिच्या नातवानं तिला व्हिडिओ आधीच दाखवला होता, म्हणजे मला सांगायला काही उरलंच नव्हतं. मी शेजारी बसले, सूप पुढं ओढलं आणि तूर निवडायला लागले. एक मूठ निवडून झाल्यावर विचारलं, आक्का, तू तेव्हा काहीच कशी बोलली नाहीस? माझ्या तोंडात का नाही मारलीस? तिनं खडा उचलून बाजूला टाकला आणि माझ्याकडं न बघता म्हणाली:

"राग न्हाई आला गं मला. मला वाचता येत न्हाई, पन तुझं नाव छापलंय म्हनले सगळे, तवा मला वाटलं खरंच तुझंच असंल, मीच कुटंतरी तुझ्याकडून आयकलं असंल. मग तुझं गानं आपून कावून म्हनावं, म्हनून मी तोंडच उघडलं न्हाई कुन्या हळदीला. आता पोरीला म्हनावं सकाळच्याला फोन घिऊन ये. माझ्याकडं अजून लई हायत, अन् त्यातलं येकबी तुला ठावं न्हाई."